नंदिनी सबनीस यांची तिसरी निवडणूक

नोव्हेंबरातली सकाळ. आठ वाजत आले तरी डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनच्या त्या गल्लीत धड उजाडलं नव्हतं. नंदिनी एका हाताने उपमा ढवळत होती आणि दुसऱ्या हाताने रुचाच्या डब्याचं झाकण शोधत होती. सासूबाई टेबलाशी बसून लसूण सोलत होत्या. नागपूरहून आल्या दिवसापासून घरातलं लसणाचं खातं त्यांनी आपल्याकडे घेतलं होतं. फ्रिजमध्ये सोललेल्या लसणाच्या बरण्यांना आता जागा उरली नव्हती, पण त्यांना कोण सांगणार!

"मॉम, माय ट्रॅकसूट! इट्स पीई टुडे!" वरून रुचा ओरडली.

"हॉट प्रेसमध्ये बघ, टाकीच्या वरच्या फळीवर," नंदिनी खालून म्हणाली. इथे येऊन नऊ वर्षं झाली होती. नागपूरला फोनवर बोलतानाही तिच्या तोंडून कपाटाऐवजी 'प्रेस' निघायचं आणि तिची आई विचारायची, "इस्त्रीवाल्याकडे कशाला ठेवतेस गं बरण्या?"

तेवढ्यात दार वाजलं.

बेल नव्हे. मुठीने, धाडधाड. बेल वाजणं शक्यच नव्हतं, कारण तिच्यातले सेल नंदिनीच्या नवऱ्याने, उल्हासने, गेल्या आठवड्यात काढून ठेवले होते.

नंदिनीचा हात तसाच थांबला. मग तिने हळूच शेगडी बंद केली, जणू उपम्याचा आवाजही बाहेर जाऊ नये.

"कोण आलं वं एवढ्या सकाळी?" सासूबाई लसणाचं ताट बाजूला सारून उठल्या. "थांब, मी पाहते."

"आई, नको. दार उघडू नका."

"काऊन?"

"बसा तुम्ही. प्लीज."

सासूबाईंनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्या खरंच बसल्या. सबनीसांच्या घरात हे सहसा घडत नसे.

नंदिनी भित्री बाई नव्हती. नागपूरला एका ज्युनिअर कॉलेजात तिने संख्याशास्त्र शिकवलं होतं, तेही शेवटच्या बाकावर पाय पसरून बसणाऱ्या वर्गाला. उल्हासला डब्लिनला नोकरी लागली तेव्हा सामानाच्या पेट्या आणि दीड वर्षाची रुचा घेऊन ती एकटी मागाहून आली होती. सुरुवातीची काही वर्षं तिला इथे काम करायची परवानगी नव्हती. ती मिळाली तोवर घराची घडी तिच्याभोवती बसून गेली होती. मग तिने शाळा धरली. ग्रंथालयात पुस्तकं लाव, बेक सेलला शंकरपाळे कर, सहलीला मुलं मोजायला जा. मुलं मोजण्यात तिचा हात कुणी धरत नसे. आणि या सगळ्यातूनच तिला बोर्डाची ओढ लागली.

इथे प्रत्येक प्राथमिक शाळेला व्यवस्थापन मंडळ, म्हणजे बोर्ड, असतं. त्यात दोन जागा पालकांच्या, एक आईची आणि एक वडिलांची, आणि त्या पालकांनीच मतं देऊन भरायच्या. पगार नाही, मान बेताचा, बैठका कंटाळवाण्या. तरी नंदिनीला ती जागा हवी होती. का, तर शाळेच्या गेटपाशी शेड नव्हती. गेट उघडेपर्यंत मुलं पावसात उभी राहायची आणि दिवसभर ओल्या मोज्यांनी वर्गात बसायची. नंदिनीने हे शिक्षकांना सांगितलं, मुख्याध्यापिकेला सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटी कुणीतरी म्हणालं, हे बोर्डात मांडायला हवं.

पहिली निवडणूक रुचा पहिल्यांदा शाळेत गेली त्या वर्षीची. शाळेच्या हॉलमध्ये पालक जमले होते. मुख्याध्यापिकेने विचारलं, आईच्या जागेसाठी कुणाचं नाव सुचवताय? मागून एक बाई म्हणाली, "नंदिनी छान काम करेल." नंदिनीच्या पोटात गुदगुल्या झाल्या. चेहरा मात्र तिने जमेल तितका संकोचलेला केला, दोन्ही हात हलवले आणि म्हणाली, "नाही नाही, मी कसली! मला नको बाई."

आणि ती दुसऱ्यांदा विचारलं जाण्याची वाट बघत राहिली.

मुख्याध्यापिका गोड हसली, "हरकत नाही" म्हणाली, आणि तिने पुढचं नाव लिहून घेतलं.

"त्यांनी परत विचारलंच नाही!" घरी येऊन नंदिनी जवळजवळ रडकुंडीला आली होती.

उल्हास हसून हसून सोफ्यावर आडवा झाला. "अगं, तू पुरणपोळीला नको म्हणतेस तसं म्हणालीस. ते काय तुझ्या ताटात वाढणार होते?"

गंमत अशी की हीच आयरिश माणसं चहाच्या बाबतीत आपल्या वरताण. त्यांच्या घरी गेलं की आपण नको म्हणायचं, त्यांनी पुन्हा विचारायचं, आपण पुन्हा नको म्हणायचं, आणि मग कप हातात यायचाच. पुढे ऑर्लाशी ओळख झाल्यावर नंदिनीने तिला हे विचारलंही. ऑर्ला गंभीरपणे म्हणाली, "चहाचं वेगळं, कमिटीचं वेगळं. कमिटीला तू नाही म्हणालीस तर आम्हाला वाटतं, शहाणी बाई, सुटली."

ऑर्ला म्हणजे दुसऱ्या निवडणुकीत नंदिनीला पाडणारी. पुढच्याच गल्लीत राहणारी, उंच, लाल नाकाची, कुत्र्याला दिवसातून दोनदा फिरवणारी. त्या वेळी, चार वर्षांनी, नंदिनीने शहाणपणाने स्वतःच स्वतःचं नाव दिलं. शाळेतल्याच एका मुलाच्या आईने, केतकीने, मराठी पालकांच्या ग्रुपवर प्रचाराची आघाडी सांभाळली. "आपली पंचवीसेक घरं आहेत, नंदिनीताई. तुम्ही आलातच समजा." मतपत्रिका मुलांच्या दप्तरातून घरोघरी गेल्या, भरून परत आल्या, आणि नंदिनी थोडक्यात पडली.

कारण कळलं ते केतकीच्या घरी, दिवाळीच्या फराळाला.

"आम्ही तर टाकलं होतं बाई मत," केतकी म्हणाली. "नवऱ्याने भरलं, मीच पाकीट बंद केलं."

"आणि तुझं?"

"माझं कसलं? घरटी एकच ना? पाकिटात दोन कागद होते, एक मी जादाचा म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवला."

मग चकलीचा तुकडा हातात धरून दुसरी म्हणाली, "अय्या, आम्हीपण." मग तिसरी. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये वाढलेली ही सगळी माणसं. एका फ्लॅटला एक मत, हे त्यांच्या रक्तात भिनलेलं. आई आणि वडील या दोघांना वेगवेगळं मत असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. नंदिनीची निम्मी मतं लोकांच्या ड्रॉवरमध्ये सुखाने झोपली होती. आणि संख्याशास्त्र शिकवलेल्या बाईलाही आधी विचारायचं सुचलं नव्हतं! सगळ्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. नंदिनीसुद्धा.

तिसऱ्या निवडणुकीत मात्र हसण्यासारखं काही घडलं नाही.

या शरदात ऑर्लाच्या नवऱ्याला गॉलवेला नोकरी लागली. नाताळानंतर ते तिकडे जाणार म्हणून बोर्डातली तिची जागा रिकामी झाली. ऑर्लाच घरी येऊन म्हणाली, "या वेळी तू. आणि लगेच हो म्हण, मी एकदाच विचारतेय." नंदिनी लगेच हो म्हणाली.

उमेदवारांचा फोटो आणि चार ओळी शाळेच्या ॲपवर टाकायच्या होत्या. ओळी तिने शेडबद्दल लिहिल्या. फोटो कुठला द्यावा यावर तिने फारसा विचार केला नाही. घर घेतलं तेव्हाचा होता, दारात उभं राहून काढलेला. आपण सगळेच काढतो तसला: तोरण, नवं कोरं निळं दार, आणि शेजारी भिंतीवर पितळी पाटी. पाटीवर देवनागरीत 'सबनीस'. ती पाटी सासूबाईंनी नागपूरला घडवून, नऊवारीत गुंडाळून, विमानात मांडीवर घेऊन आणली होती. त्या गल्लीत इतर घरांवर नुसते आकडे होते. नाव होतं ते फक्त याच घरावर.

तो फोटो कुणीतरी उचलला आणि फेसबुकवरच्या गावातल्या कुठल्याशा पानावर चिकटवला. वर लिहिलं, 'आता आपल्या मुलांचं हे ठरवणार?' खाली प्रतिक्रियांची रांग लागली. काहींनी त्याला चांगलं झापलंही होतं. पण नंदिनीच्या डोक्यात रुतून बसली ती एकच ओळ, हसऱ्या तोंडाच्या चित्रासकटची.

'हे दार मला माहितीये.'

उन्हाळ्यापासून आपल्या भारतीय माणसांना रस्त्यात गाठून मारहाण केल्याच्या बातम्या येत होत्या. तोपर्यंत त्या बातम्या होत्या. आता एका सकाळी त्यांच्याच पुढच्या खिडकीवर अंडी फुटलेली दिसली. मग बेल वाजायची आणि दारात कुणी नसायचं, म्हणून ते सेल काढले. मग शाळेच्या गेटसमोर एक माणूस तिच्याकडे फोन रोखून उभा राहिला. काही बोलला नाही, नुसता उभा. रुचाने विचारलं, "मॉम, व्हॉट्स युअर मॅन डूइंग?" ('युअर मॅन' म्हणजे इथल्या बोलीत 'तो माणूस'.) आणि नंदिनीने तिचा हात इतका घट्ट धरला की पोर "आउच" म्हणाली.

पोलिसांना कळवलं होतं. एक तरुण मुलगी घरी आली, गार्ड, म्हणजे इथली पोलीस, सगळं लिहून घेतलं, पुन्हा काही झालं तर लगेच फोन करा म्हणाली. ती चांगली होती. पण ती गेल्यावर दार तेच होतं आणि रात्रही तीच.

आज संध्याकाळी शाळेत सभा होती. उमेदवारांनी चार शब्द बोलायचे, मग मतदान. काल रात्री उल्हास म्हणाला होता, "नाव मागे घे, नंदू. एका शेडसाठी? रुचा दीड वर्षात ही शाळा सोडणार आहे."

"तिच्यामागून येणारी पोरं कोरडी असतात का?"

"मी काय म्हणतोय ते तुला कळतंय. समोरच्या मैदानाचा तो हिरवा पट्टा ओलांडून जायचं, अंधारात. मी सोबत आलो तर इथे आई आणि रुचा दोघीच. या दाराआड." मग त्याने तिच्याच फोनवर मुख्याध्यापिकेला निरोप लिहून ठेवला. सभ्य, छोटा. घरगुती अडचणींमुळे माघार घेत आहे. "नुसतं पाठव म्हणायचं. आणि ती पाटी मी काढतो. तीच खूण झाली आहे आपली."

"पाटीला हात लावायचा नाही," नंदिनी म्हणाली होती, आणि दोघं पाठीला पाठ लावून झोपले होते.

आज पहाटे उल्हास न बोलताच ट्रेनला निघून गेला. नंतर ती कचऱ्याचा डबा आत घ्यायला बाहेर गेली तर भिंतीवर पाटी नव्हती. स्क्रूंची भोकं तेवढी उरली होती. तिला इतका संताप आला की भीती तेवढ्यापुरती मागे पडली. तिने तिथूनच त्याला मेसेज टाकला, 'काढलीसच ना शेवटी पाटी?'

आणि आता दार पुन्हा वाजलं. धाडधाड.

रुचा ट्रॅकसूट घालून जिन्यात आली. नंदिनीने तिला हाताने 'तिथेच थांब' अशी खूण केली. पोर शहाणी, पायरीवर बसली, काही विचारलं नाही. तिने विचारलं नाही याचंच नंदिनीला जास्त वाईट वाटलं.

ओट्यावर फोन थरथरला. उल्हास.

'मी? नाही. का?'

नंदिनीने ते दोनदा वाचलं. म्हणजे रात्री, ही सगळी झोपलेली असताना, कुणीतरी दारापर्यंत आलं होतं. स्क्रू ड्रायव्हर घेऊन आलं होतं. सावकाश, एकेक स्क्रू काढत भिंतीला टेकून उभं होतं, आणि आत रुचा झोपली होती.

तिने फोन घट्ट धरला. गार्डच्या त्या मुलीला लावायचा होता. पण अंगठा भलत्याच जागी पडत होता, आणि पडद्यावर उल्हासने लिहिलेला तो माघारीचा निरोप उघडला. खाली 'पाठव'चा बाण. दाबला की संपलं. तिचा अंगठा त्या बाणावर जाऊन थांबला.

तेवढ्यात दारातल्या टपालाच्या फटीची झडप वर उचलली गेली. आत चार बोटं दिसली.

सासूबाईंच्या तोंडून "बाप्पा!" निघालं.

"नंदिनी?" फटीतून आवाज आला. "मीच आहे गं. ऑर्ला. तुमच्या बेलला काय झालंय?"

नंदिनी भिंतीला धरत दारापर्यंत गेली. तिने कडी काढून दार उघडलं.

दारात ऑर्ला उभी होती, नाक नेहमीपेक्षा लाल, पायाशी ओला कुत्रा. हातात पितळी पाटी. एक कोपरा वाकलेला, आणि 'सबनीस'मधल्या 'नी'वर कुणाचा तरी बूट घासलेला.

"स्टेशनकडच्या कुंपणात पडली होती," ऑर्ला म्हणाली. "मला ही अक्षरं वाचता येत नाहीत. पण रोज इथून जाते ना, चेहऱ्यासारखी ओळखीची झाली आहेत." आणि मग तिने नंदिनीचा चेहरा पाहिला. "देवा! मी दार बडवलं म्हणून घाबरलीस? मूर्ख आहे मी. मूर्ख."

सासूबाई मागून आल्या. त्यांनी पाटी हातात घेतली, वाकलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, पदराने 'नी' पुसला. "कोणी केलं हे?"

"आई, मी तुम्हाला सांगणार होते..."

"म्हणजे त्या दिवशीची अंडी पक्ष्यांनी नव्हती फोडली."

नंदिनीने मानेनेच 'नाही' म्हटलं.

"मी काही बावळी नाही. पक्षी का कोंबडीची अंडी फेकून राहिला का खिडकीवर? तुम्ही दोघं मला सांगून नाही राहिले, तर मीही विचारून नाही राहिली. म्हटलं, सून निवडणुकीत आहे, तिला आणखी म्हाताऱ्या बाईचा घोर कशाला." बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला. भीती त्यांनाही होती. लसूण सोलण्यात त्यांनी ती इतके दिवस जिरवली होती. मग त्या ऑर्लाकडे वळल्या आणि शुद्ध नागपुरी मराठीत म्हणाल्या, "ये बाई आत. खाऊन जा."

ऑर्लाला त्यातलं काही कळलं नाही आणि सगळं कळलं. "नको नको, मी ग्रँड आहे." इथलं 'ग्रँड' म्हणजे आपलं 'ठीक'.

सासूबाईंनी तिच्या हातात उपम्याची बशी दिली.

"खरंच, मला..."

सासूबाईंनी वर लिंबाची फोड ठेवली. ऑर्ला उभ्या उभ्या दारातच खायला लागली. तिचं खाऊन होईपर्यंत नंदिनीने गार्डला फोन लावला, पाटीचं सांगितलं. कुणीतरी दुपारपर्यंत येईल असं कळलं. रुचाने कुत्र्याच्या गळ्यात हात टाकला होता. बाहेर एकदाचं उजाडलं होतं, आणि उजेडात स्क्रूंची ती भोकं अधिकच स्पष्ट दिसत होती.

"तू माघार घेशील असं शाळेच्या गेटपाशी लोक बोलतायत," ऑर्ला बशी परत देत म्हणाली.

"अजून नाही."

"तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं, मला नाही सांगता येत. खोटं कशाला बोलू." तिने कुत्र्याची दोरी हाताला गुंडाळली. "माझी आजची शेवटची सभा. काही हवं आहे का तुला? संध्याकाळसाठी?"

"नाही नाही," नंदिनीच्या तोंडून गेलं. "मी ग्रँड आहे."

"बरं." ऑर्लाने मान हलवली आणि ती निघाली.

कुत्र्याच्या नखांचा आवाज फरशीवरून फाटकाकडे गेला. नंदिनी दारात उभी राहिली. समोर तो हिरवा पट्टा, त्याच्या पलीकडे शाळेचं छप्पर. संध्याकाळी पाचलाच तिथे काळोख होईल. मधल्या बाकांवर टोप्या ओढून बसलेली पोरं असतील, किंवा पोरं नसतील, दुसरं कुणी असेल. हातातल्या फोनवर निरोप अजून तसाच उघडा होता. आपण आत्ता नको म्हणालो आणि समोरच्या बाईने ते खरं धरलं, हे तिच्या लक्षात आलं. सहा वर्षांपूर्वी हॉलमध्ये धरलं होतं तसंच. दुसऱ्यांदा कुणी विचारणार नव्हतं.

"ऑर्ला!"

ऑर्ला फाटकापाशी वळली.

जिन्यात रुचा होती, मागे पाटी छातीशी धरून सासूबाई उभ्या होत्या. त्यांच्यासमोर हे बोलायचं तिने ठरवलेलं नव्हतं.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "एकटीने यायची हिंमत नाही. संध्याकाळी मला न्यायला येशील? शाळेच्या दारापर्यंत फक्त माझ्याबरोबर चाल."